दुसऱ्या खोलीतली हवा

इमारतीचं काम संपलं त्या दिवशी संध्याकाळी मिस्त्रीची बायको पलंगावरून उठली, आपली उशी काखेत मारली, पायथ्याशी घडी घालून ठेवलेलं पांघरूण उचललं आणि दुसऱ्या खोलीत गेली. एवढंच झालं. भांडण नव्हतं, आजारपण नव्हतं, घरात पाहुणा नव्हता. मिस्त्री टेबलाशी बसून नव्या यंत्रणेची माहितीपुस्तिका चाळत होता. त्याला आधी वाटलं, अभ्रा बदलायचा असेल. मग पलीकडून लोखंडी खाट सरकवल्याचा आवाज आला, आणि त्याने पुस्तिकेच्या पानात बोट तसंच ठेवून मान वर केली.

“अगं, काय झालं?”

“काही नाही.” ती पुन्हा दारात येऊन उभी राहिली. “ती खो... खोली आता—”

“गरम असते. हो, ते तर खरंच. भिंतीला हात लावून बघितलास का? बर्फासारखी गार असायची.”

“म्हणून मी ति... तिकडे—”

“झोपतेस आजच्या दिवस. झोप की! कळेल तरी कशी वाटते.”

तिने मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्याने बघितलं नाही. त्याचं लक्ष पुन्हा पुस्तिकेत गेलं होतं. ‘आजच्या दिवस’ हे शब्द तिचे नव्हते, आपले होते, हे त्याच्या ध्यानात यायला पुढे तीन महिने जावे लागले.

दुसऱ्या दिवशीही उशी तिकडेच राहिली, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तिचा चष्मा गेला, गुडघ्याला लावायचं तेल गेलं, खिडकीतली छोटी कुंडी गेली. मिस्त्री बघत राहिला. विचारावं असं त्याला रोज वाटे, पण विचारायचं काय? लग्नाला एक्केचाळीस वर्षं झालेल्या बायकोला ‘तू पलीकडच्या खोलीत का झोपतेस’ हे विचारायचं तर त्याआधी ‘तू इतकी वर्षं माझ्याजवळ का झोपत होतीस’ हेही विचारावं लागेल, आणि तिथेच त्याचं गाडं अडत होतं. कारण त्याचं उत्तर त्याला ठाऊक होतं आणि ते फार साधं होतं. थंडी. या घरात दोन खोल्या होत्या, पण हीटर एकच होता, गॅसचा, मोठ्या खोलीच्या कोपऱ्यात, निळ्या ज्योतीचा, सुरू करताना ‘भप्प’ करून दचकवणारा. दुसरी खोली वर्षातले पाच महिने कपाटासारखी वापरायची. तिथे बटाटे राहत, मुलीची जुनी पुस्तकं राहत, वाळत घालूनही न सुकणारे कपडे राहत, आणि काही आणायला जायचं झालं की माणूस श्वास धरून जाई आणि धावत परत येई. बाकी सगळा संसार एका खोलीत. मुलीने अभ्यास तिथेच केला, मिस्त्रीने सुटे केलेले लिफ्टचे भाग तिथेच वर्तमानपत्रावर मांडले, बायकोने शिवणयंत्र तिथेच चालवलं. एका वर्षी, कशावरून ते आता आठवतही नाही, दोघांचा अकरा दिवस अबोला होता. चांगला कडक, भांड्यांचा आवाज करून पाळलेला अबोला. आणि ते अकराही दिवस दोघं एकाच पांघरुणात झोपली, कारण दुसरं पांघरूण मुलीच्या अंगावर होतं. बाराव्या दिवशी तिचे गार पाय त्याच्या पोटऱ्यांना लागले, तो ‘हं’ म्हणाला, ती ‘हं’ म्हणाली, अबोला मिटला. ही गोष्ट मिस्त्री लोकांना कौतुकाने सांगत असे. म्हणे, ज्याला दोन खोल्या गरम करता येतात त्याचा संसार कठीण. लोक हसत. आता त्याला ती गोष्ट उलटी दिसायला लागली. पाय गार होते म्हणून लागले. गार नसते तर?

आणि यातली गंमत, जिचं हसू येत नाही अशी गंमत, ही की हे सगळं त्यानेच आणलं होतं. नगरपालिकेची योजना आली तेव्हा इमारतीतले अर्धे लोक नको म्हणत होते. भिंतींना बाहेरून वीतभर जाडीचे तक्ते लावणार, खिडक्या काढून तीन-तीन काचांच्या बसवणार, फटी बुजवणार, गॅसचे हीटर जाऊन गच्चीवर एक मोठा पंप येणार, तो बाहेरच्या गार हवेतूनच ऊब ओढून घरात आणणार. बाहेरच्या गार हवेतून ऊब! लोक म्हणाले, ही लोणकढी थाप आहे. तेव्हा मिस्त्री सभेत उभा राहिला. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. यंत्रांबद्दल तो बोलला की लोक ऐकत. त्याने सांगितलं, तुमच्या फ्रिजच्या पाठीला हात लावून बघा, तो आतली ऊब बाहेर फेकतो, हा पंप बाहेरची आत फेकेल. आपण चूल पेटवून सगळं शहर तापवत बसलोय, तो म्हणाला, नातवंडांना आभाळात धूर ठेवून जायचंय का? टाळ्या पडल्या. बायको शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिने हात वर केला होता, ‘मला दु... दु...’ एवढं म्हणाली होती. ‘दुरुस्ती हवीच आहे म्हणतेय,’ मिस्त्रीने सभेला सांगितलं, आणि लोकांनी तिच्यासाठीही टाळ्या वाजवल्या.

पाच महिने काम चाललं. परांच्या बांधल्या, माणसं खिडक्यांसमोरून चालत गेली, भिंतींना भोकं पडली. मिस्त्री रोज खाली जाऊन सूचना करी आणि कामगार त्याला चहा देत. मग सगळं झाकलं गेलं, बुजलं, लिंपलं, आणि एक अशी शांतता आली की मिस्त्रीला पहिले काही दिवस कानात बोळे घातल्यासारखं वाटलं. रस्ता गेला. गाड्या गेल्या, शाळेची घंटा गेली, समोरच्या कपडे धुण्याच्या दुकानातली वाफेची शिट्टी गेली. तो कानावर जगलेला माणूस होता. तरुणपणी नुसता दोराचा आवाज ऐकून तो सांगायचा, तार चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये झिजलीय. केसाएवढं झिजलेलं बेअरिंग त्याला कळे. आता घर सीलबंद बरणीसारखं झालं. बाहेरचं काही ऐकू येईना, आणि आतलं ऐकायची त्याला सवय नव्हती, कारण आत ऐकण्यासारखं काही असतं असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. त्याची बायको कमी बोलायची. अबोल स्वभाव, तो म्हणायचा. मला तिच्या मनातलं कळतं, तिने तोंड उघडायच्या आत कळतं, असंही म्हणायचा. गावाबाहेर राहणारी मुलगी फोन करी तेव्हा तो मध्येच फोन घेऊन ‘आई म्हणतेय की’ अशी सुरुवात करी. मुलगी एकदा म्हणाली होती, “बाबा, तुम्ही आईचे वकील आहात की आई?” तो खूप हसला होता.

काम संपून दोन महिने झाल्यावर मोजणीवाली आली. योजनेच्या कचेरीने नेमलेली, तिशीच्या आतली, गळ्यात ओळखपत्र, हातात पाटीएवढा टॅबलेटचा पडदा. प्रत्येक खोलीच्या भिंतीवर तिनेच पूर्वी एकेक पांढरी डबी लावली होती. ती डबी खोलीतली ऊब मोजी, दमटपणा मोजी, आणि माणसांच्या श्वासातून हवेत साठणारा वायूही मोजी. त्या दिवशी बायको बाजारात गेली होती. मोजणीवाली टेबलाशी बसली, पडद्यावर बोट फिरवलं आणि जरा चाचरत म्हणाली, “काका, रागावू नका, पण तुमच्याकडे बचत दिसत नाहीये.”

“म्हणजे?”

“बाकीच्या घरांचा खर्च निम्म्यावर आला. तुमचा जेमतेम दहावा हिस्सा उतरलाय. यादीत तुमचं घर सगळ्यात शेवटी आहे.”

मिस्त्रीची कानशिलं तापली. सभेत उभा राहिलेला तो, आणि यादीच्या तळाशी तोच! “यंत्र तपासा,” तो म्हणाला.

“यंत्र ठीक आहे. तुम्ही आधी एकच खोली गरम करत होतात, आता दोन्ही करता. छोट्या खोलीत कुणीतरी राहतंय. मला फक्त कारण लिहायचंय.” तिने पडदा त्याच्यापुढे धरला. “दोन्ही खोल्या रोज लागतात का?”

सोपा प्रश्न होता. पण मिस्त्रीला त्यातून पलंग दिसला, त्यावरची एकच उशी दिसली, आणि आपल्या मुलीच्या वयाच्या या पोरीला ती उशीही दिसतेय असं वाटलं. “पाहुणे आलेत,” तो म्हणाला. “बायकोची बहीण.” बायकोला बहीण नव्हती.

“अच्छा, मग जुळलं.” तिचा चेहरा मोकळा झाला. “मी विचारच करत होते. श्वासाच्या वायूची दुपारची रेघ बघा ना, छोट्या खोलीतली. दोन ते चार. रोज. एकट्या माणसाच्या श्वासाने एवढी चढत नाही. एक तर आत दोन माणसं असतील, नाहीतर हवा खेळती ठेवणारी जाळी कुणी बुजवली असेल. बहीण आलीय म्हणजे प्रश्न मिटला.”

तिचा प्रश्न मिटला आणि मिस्त्रीचा सुरू झाला. दोन ते चार तो घरात नसे. निवृत्त मिस्त्र्यांच्या संघटनेच्या खोलीवर जाऊन पत्ते कुटायचे, पाचला परत यायचं, हा गेल्या सात वर्षांचा नेम. बायकोला तो नेम पाठ होता. मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि ती चुकचुकली याचीच त्याला शरम वाटली, कारण त्याचं वय एकोणसत्तर होतं आणि बायकोचं चौसष्ट, आणि तिचे गुडघे दुखत. पण आकडा खोटं बोलत नाही, हे त्यानेच आयुष्यभर शिकाऊ पोरांना सांगितलं होतं. दोन माणसं. कोण? औषधांच्या दुकानातला तो गोड बोलणारा? खिडक्या बसवणारा, जो तिला ‘ताई, सावकाश’ म्हणायचा? एकेक चेहरा मनाशी धरून बघितला की हसू येई आणि हसू विरलं की तो चेहरा तसाच राही. जाळी बुजवली असेल, हे मोजणीवालीचं दुसरं वाक्य त्याला आठवत होतं. पण धडधाकट घरात कुणी जाळी कशाला बुजवेल? त्या आठवड्यात त्याने बायकोकडे इतक्या वेळा बघितलं की ती एकदा म्हणाली, “माझ्या तों... तोंडाला काही—” आणि तो म्हणाला, “लागलं नाहीये, काही लागलं नाहीये.” मग त्याने मुलीला फोन केला. आईचं काय चाललंय म्हणून विचारलं. पलीकडे मुलगी जरा थांबली. “बाबा, तुम्ही आईलाच विचारा ना,” ती म्हणाली, आणि त्या थांबण्याने मिस्त्रीचं डोकं आणखीच भंजाळलं. म्हणजे मुलीला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. भिंतीवरच्या डबीलासुद्धा माहीत होतं.

पुढच्या सोमवारी त्याने पत्त्यांचा डाव अर्धा टाकला. पोटात कळ येते म्हणून सांगितलं, आणि चालताना खरंच कळ यायला लागली. अडीच वाजता तो आपल्या मजल्यावर पोहोचला. किल्ली अशी फिरवली की कुलपाला कळू नये. आत आला, बूट काढले, उभा राहिला. मोठी खोली रिकामी. छोट्या खोलीचं दार बंद. आणि आतून एका बाईचा आवाज येत होता. त्याच्या ओळखीचा नव्हता. पहिल्या क्षणी त्याला एवढंच सुचलं की बाई आहे, म्हणजे पुरुष नाही, आणि त्याला एकदम हलकं वाटलं. बहीण आलीय, असा एक वेडगळ विचारही मनात आला, जणू त्याच्या थापेने ती जन्माला आली होती. मग त्याने ऐकलं. रस्ता नव्हता, गाड्या नव्हत्या, शिट्टी नव्हती. त्या शांततेत आवाज नळातल्या पाण्यासारखा स्वच्छ येत होता. सणसणीत, छातीतून काढलेला आवाज.

“उपकरणाची काळजी. उपकरणाची जाळी दर महिन्याला स्व... स्व... स्वच्छ करावी. जाळी झाकू नये. झाकल्यास वा...” आवाज थांबला. श्वास घेतल्याचं ऐकू आलं. “झाकल्यास वा... वा... वायु...” पुन्हा थांबला. मिस्त्रीच्या जिभेवर शब्द आला, ओठही हलले. “वायुवीजन!” आतून आवाज आला, एकदम मोठ्याने, विजयी. “वायुवीजन बिघडते. वायुवीजन. वा-यु-वी-जन.” आणि मग ती बाई हसली. एकटीच. ते हसू मात्र त्याच्या ओळखीचं होतं, फक्त फार जुनं.

त्याने दार उघडलं नाही. का नाही उघडलं, हे त्याला सांगता आलं नसतं. बूट हातात घेऊन तो मोज्यांवर बाहेर आला, दार ओढून घेतलं आणि लिफ्टमध्ये शिरला. दार बंद झालं. कुठलंच बटण त्याने दाबलं नाही. या इमारतीची लिफ्ट त्याच्याच देखरेखीखाली वीस वर्षं होती. ती उभ्या जागी अशी थांबली की किंचित श्वास घेतल्यासारखी खालीवर होते, हे त्याला माहीत होतं. ती होत होती. तर दोन माणसं नव्हती. जाळीत कापड कोंबलं असणार, आवाज हवेच्या नळीतून दुसऱ्या घरी जाऊ नये म्हणून, आणि म्हणून रेघ चढत होती. किती सोपं. शंका फिटली होती. मग छातीवर हे काय बसलं होतं? त्याची बायको बोलत होती. अडखळत, थांबत, पण वाक्याच्या शेवटापर्यंत जात होती. तिच्याकडे वाक्यं होती. आणि तो इतकी वर्षं काय करत होता? तिची वाक्यं तो पुरी करत होता, प्रेमाने, लोकांनी हसू नये म्हणून, तिला त्रास पडू नये म्हणून. बरोबरच करत होता की! पण बरोबर पुरी केली कशावरून? पडदे घेताना ती ‘नि’ म्हणाली, त्याने निळे घेतले. निळेच म्हणायचं होतं, की निवांत बघू म्हणायचं होतं? सभेत ती ‘दु’ म्हणाली. दुरुस्ती? की दुसरी खोली? अशी किती वाक्यं असतील, एक्केचाळीस वर्षांत दिवसाला दहा धरली तरी. आणि सगळी त्याने आपल्या हाताने बसवलेली, जुळतील तशी, आणि घर त्यांच्यावर उभं.

मग त्याला कॅन्टीन आठवलं. कशाला आठवलं, ते आठवलं नसतं तर बरं झालं असतं. ती औषधांच्या बाटल्यांना लेबलं लावायच्या कारखान्यात कामाला होती आणि तिथली माल चढवायची लिफ्ट दुरुस्त करायला तो तीन आठवडे जात होता. सगळे त्याला लिफ्टवाला म्हणायचे. ती लांबच्या टेबलाशी बसून डबा खायची आणि कुणाशी फारसं बोलायची नाही. तो तिच्याकडे बघायचा, ती एकदा बघून हसली होती. शेवटच्या दिवशी, उद्यापासून इथे यायचं कारण उरणार नाही म्हणून, त्याने सगळा धीर गोळा केला आणि तिच्या मैत्रिणींसमोरच विचारून टाकलं, माझ्याशी लग्न कराल का. सगळं कॅन्टीन गप्प झालं. तिचा चेहरा लाल झाला. ती म्हणाली, “न... न...” तिचे डोळे मिटले, मान ताणली गेली, कुणीतरी खुसखुसलं. आणि तिला त्या फासातून सोडवावं म्हणून तो ओरडला, “नक्की! नक्की म्हणतेय!” टाळ्या, बाकं बडवली, कुणीतरी त्याला उचललं. ही गोष्टही तो लोकांना सांगत असे. आता लिफ्टमध्ये उभा राहून तो आठवायचा प्रयत्न करू लागला. ती ‘न’ म्हणाली होती की ‘ना’? नक्कीला काना नाही. नाहीला आहे. केसाएवढं झिजलेलं बेअरिंग ऐकणारा त्याचा कान, त्याला तो काना ऐकू आला होता की नव्हता? त्याने डोळे मिटले, कॅन्टीन पुन्हा गप्प केलं, तिला पुन्हा बोलायला लावलं. एकदा ‘न’ ऐकू आलं. एकदा ‘ना’ ऐकू आलं. मग कुणीतरी तळमजल्यावरून लिफ्ट बोलावली आणि तो खाली जाऊ लागला.

त्यानंतरचे दिवस मिस्त्रीने मोठ्या विचित्र अवस्थेत काढले. तिने बोलायला सुरुवात केली की तो ओठ घट्ट मिटून घेई. पण सवय अंगात मुरलेली. दोनदा शब्द निसटलेच. आणि गप्प राहिला तर त्याचा चेहराच शब्द बोले, भुवया वर जात, मान पुढे येई, रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघावं तसा तो तिच्याकडे बघे. ती वाक्य सोडून देई. म्हणजे पूर्वी निदान कुणाचं तरी वाक्य पुरं होत होतं, आता कुणाचंच होईना. “तुम्हाला ब... बरं नाही का?” तिने एकदा विचारलं. बरं आहे, तो म्हणाला. दुपारी तो पत्ते खेळायला जाई, पाचऐवजी साडेपाचला येई, तिला वेळ मिळावा म्हणून. आणि पत्ते हातात धरून त्याच्या मनात येई, आता ती कुठल्या पानावर असेल. रात्री मोठ्या खोलीत ऊब असे, पलंग प्रशस्त असे, झोपही चांगली लागे. ती चांगली लागते याचं त्याला वाईट वाटे, आणि ते वाईट खरं की वाटायला हवं म्हणून वाटतंय, तेही कळत नसे.

महिना झाला आणि मोजणीवाली पुन्हा आली. या वेळी बायको घरात होती. तिनेच दार उघडलं, चहा टाकला.

“पाहुण्या गेल्या का, काकू? तुमच्या बहीण?” मोजणीवालीने पडदा काढता काढता विचारलं.

बायकोने मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्री आपल्या हातांकडे बघत होता.

“मला ब... बहीण नाही,” बायको म्हणाली.

मोजणीवाली गोंधळली. पडदा, मिस्त्री, बायको, पुन्हा पडदा. “मग छोट्या खोलीत... म्हणजे मला फक्त कारण लिहायचं असतं. इथे पर्याय आहेत. घरात माणसं वाढली, आजारपण, कामाची वेळ बदलली...”

“ति... तिथे मी असते,” बायको म्हणाली. मग थांबली. मिस्त्रीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. मोजणीवाली नवखी होती, तिला काही माहीत नव्हतं. ती बोट उचलून, चेहऱ्यावर काहीही न आणता, थांबून राहिली. किती सोपं होतं ते तिला. “मी मो... मोठ्याने वाचते. दार ला... लावून. जाळीत ओढणी घालून. पूर्वी सगळं बा... बाहेर ऐकू जायचं, आणि एकच खो... खोली होती. आता दुसऱ्या खोलीत ब... बसवतं. म्हणून मीच म्हणाले होते स... सभेत, दुसऱ्या खोलीचं क... करा म्हणून.” तिने श्वास घेतला. “म्हणजे म्ह... म्हणणार होते.”

“हे कुठल्या पर्यायात बसवू?” मोजणीवाली स्वतःशीच म्हणाली. मग तिने ‘इतर’वर बोट टेकवलं आणि पुढच्या रिकाम्या जागेत लिहिलं, वाचनासाठी. “फक्त जाळी झाकू नका हं, काकू. हवा कोंदते, डोकं दुखेल. भिंतीतून आवाज जात नाही आता, मी सांगते ना.” तिने चहा संपवला आणि ती पुढच्या घरी गेली. मिस्त्रीचं घर यादीत तळाशीच राहणार होतं.

बायको कप उचलायला लागली. मिस्त्री बसून होता. त्याला माफी मागायची होती, पण नेमकी कशाची, याची जुळवाजुळव होत नव्हती. संशयाची मागावी तर त्याला संशय आला होता हेच तिला ठाऊक नव्हतं, आणि बाकीच्याची मागावी तर ते एवढं मोठं होतं की कुठून धरून उचलावं. म्हणून जे सगळ्यात पुढे होतं तेच तोंडातून बाहेर पडलं.

“त्या दिवशी कॅन्टीनमध्ये तू काय म्हणणार होतीस?”

कोणतं कॅन्टीन, कोणता दिवस, असं तिने विचारलं नाही. हातातला कप तिने परत टेबलावर ठेवला.

“ना...” ती म्हणाली. काना होता. तिचे डोळे मिटले, मान ताणली. त्याने काही केलं नाही. भुवयासुद्धा हलवल्या नाहीत. “ना... ना... नाव.”

“नाव?”

“तुमचं ना... नाव विचारत होते. मला मा... माहीत नव्हतं. सगळे लिफ्टवाला म्हणायचे.”

“म्हणजे हो नव्हतं ते.”

“नाही पण न... नव्हतं.”

“मग नंतर सांगायचंस! लगेच सांगायचंस, की थांबा, मला आधी—”

“नंतर टा... टाळ्या वाजल्या ना,” ती म्हणाली. तक्रार नव्हती. पाऊस आला म्हणून जाता आलं नाही, असं सांगावं तसं ती म्हणाली.

मिस्त्रीला हसू आलं, पण ते हसूच आहे याची त्याला खात्री नव्हती. नाव विचारल्यावर तिने काय केलं असतं? त्याने नाव सांगितलं असतं, आणि मग तिने दुसरं एक वाक्य सुरू केलं असतं, आणि ते त्याने ऐकलं असतं तर? मुलगी, हे घर, अकरा दिवसांचा अबोला, गार पाय, हे सगळं त्या वाक्याच्या अलीकडे आहे की पलीकडे?

“मग तुला...” तो म्हणाला, आणि पुढचा शब्द त्याला सापडेना. ओठ उघडे राहिले. त्याने पुन्हा सुरुवात केली. “मग तुला...”

तिला तो शब्द बहुधा ठाऊक होता. तिने तो दिला नाही. खुर्ची ओढली, पदराला हात पुसले, आणि त्याच्यासमोर बसली.